दीड महिन्याची थंडी आणि उबेचा हिशेब

उज्जैनमध्ये थंडी आल्याची घोषणा हवामान खातं करत नाही, महाकाल करतात. रूप चौदस, म्हणजे आपली नरक चतुर्दशी, त्या पहाटे महाकालांना उटणं लावून गरम पाण्यानं स्नान घालतात आणि मग थंडी सरेपर्यंत रोज गरम पाणी. आपल्या मराठी घरांतलं अभ्यंगस्नानही त्याच पहाटेचं. शेजारचे त्या तिथीला कार्तिक कृष्ण म्हणतात, आपण आश्विन वद्य. पंचांगं वेगळी, पाणी तेवढंच कढत. गीझर दुरुस्त करणाऱ्याला त्या आठवड्यात फोन लागत नाही, हेही दोघांचं सारखंच.

माळव्याचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पंचवीस-सव्वीस अंश, आणि रात्री आठ-दहा. उत्तरेतून बोचरं वारं सुटलं की पारा आणखी खाली जातो, मावठा पडला तर दोन दिवस ऊनही दिसत नाही. तरी खरी कडाक्याची थंडी म्हणाल तर दीड महिना. त्यामुळे घर गरम करण्याची सोय बांधकामातच करून ठेवावी असं इथे कुणाला वाटलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या बंब, सिगडी आणि रजई यांच्यावर भागलं. (महाराष्ट्रातली मंडळी शेगडी म्हणतात. आमच्याकडे शेगडी म्हटलं की गॅसचीच डोळ्यांसमोर येते, कोळशाची ती सिगडी.)

गेल्या हिवाळ्यात मात्र आमच्या घरात एकाच वेळी तीन प्रश्न उभे राहिले. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाळ झालं. आजीला वयाच्या चौऱ्यांशीव्या वर्षीही पहाटे पाचला आंघोळ लागते. आणि मी रात्री साडेआठ ते दोन अमेरिकेतल्या क्लायंटसाठी काम करतो, तेही खालच्या गॅरेजमध्ये. गाडी रस्त्यावर आणि मी गॅरेजमध्ये, अशी सध्याची वाटणी आहे. तिथे पत्र्याचं शटर आहे, त्याच्या खालून येणारं वारं पायांना नेमकं सापडतं. बाळ-बाळंतिणीची खोली, आजीची आंघोळ आणि माझं गॅरेज, तिन्हींना ऊब हवी होती आणि घरातल्या प्रत्येकाचं मत वेगळं होतं. बाबा म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस ना, मग आकडे मांड."

आकडे मांडताना पहिली अडचण अशी की गॅसचा भाव आपण सिलिंडरवर सांगतो आणि विजेचा युनिटवर. दोन्ही एकाच मापात आणल्याशिवाय तुलना होत नाही. एक किलो एलपीजी पूर्ण जळला तर साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते. विजेच्या भाषेत ती पावणेतेरा युनिटं. म्हणजे १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटं ऊब भरलेली असते. सिलिंडरचा भाव दिल्लीत मे २०२० मध्ये ५८१ रुपये ५० पैसे होता, मार्च २०२३ मध्ये ११०३ झाला, मार्च २०२४ मध्ये ८०३ वर आला, एप्रिल २०२५ मध्ये ८५३. वाहतुकीमुळे शहरागणिक थोडा फरक पडतो. पण एवढा वरखाली होण्याचं कारण आपल्या शहरात नाही. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतो, मुख्यतः आखातातून, आणि त्याचा भाव सौदी आरामको दर महिन्याला जाहीर करते त्या दराच्या आधारानं ठरतो.

८५३ भागिले १८०, म्हणजे एका युनिटाला पावणेपाच रुपये. गॅस गीझर त्यातली ऐंशी टक्के ऊब पाण्याला देतो असं धरलं तर पाण्यात उतरलेलं युनिट सहा रुपयांच्या आतबाहेर पडतं. विजेचं युनिट माझ्या बिलात सगळे आकार धरून सातच्या आसपास जातं आणि विजेच्या गीझरमध्ये जवळजवळ सगळी ऊब पाण्यातच उतरते. आता एक बादली घेऊ. वीस लिटर पाणी, नळाला अठरा अंश, अंगावर घ्यायला बेचाळीस. त्याला ०.५६ युनिट लागतं. विजेवर चार रुपये, गॅसवर साधारण तीन रुपये तीस पैसे. फरक सत्तर पैशांचा! दिवसाला सहा बादल्या आणि दीड महिना धरला तरी अख्ख्या हिवाळ्याचे दोनशे रुपयेसुद्धा होत नाहीत. विजेचा गीझर दिवसभर चालू ठेवला तर टाकीतलं पाणी निवत राहतं आणि फुकट वीज जाते, तेव्हा आंघोळीआधी चालू आणि नंतर बंद, एवढी शिस्त मात्र हवी. आणि माळव्यात बोअरचं पाणी जड असतं, कॉइलवर क्षारांचा थर जमतो. दोन वर्षांतून एकदा तो खरवडून घ्यावा.

पण या हिशेबाला एक मोठा अपवाद आहे. मध्य प्रदेशात गृह ज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असणाऱ्या घराला पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात. दीडशेच्या वर गेलं की त्या महिन्याची सवलत जाते. वरच्या सहा बादल्या विजेवर तापवल्या तर महिन्याला शंभर युनिटं त्यातच गेली. ज्या घराचा एरवीचा वापर शंभर-सव्वाशे आहे, त्या घराला विजेचा गीझर सत्तर पैशांनी नव्हे, चांगलाच महाग पडतो. आपले बरेच ज्येष्ठ नागरिक, दोघंच राहणारी जोडपी याच गटात येतात. त्यांना गॅस गीझर सोडा असं मी म्हणणार नाही. तो कुठे बसवलाय ते बघा, एवढं म्हणेन.

आमच्याकडे तो बाथरूममध्येच होता. बसवणाऱ्यानं दाराच्या वर खिळे ठोकून टांगून दिला होता, कारण पाइप कमी लागला. पाच बाय सात फुटांची बाथरूम, वर छोटी खिडकी, आणि थंडीत आजी त्या खिडकीच्या फटीत जुना टॉवेल कोंबायची. त्या बाथरूममध्ये हवा किती? साधारण आठ घनमीटर. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर तासाला एक किलो गॅस जाळतो आणि एक किलो गॅस नीट जळायला बारा घनमीटरहून जास्त हवा लागते. हवा बाहेरून येतच नसेल तर आतल्या हवेतला प्राणवायू एकवीस टक्क्यांवरून अठरावर यायला पाच-सहा मिनिटं पुरतात. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. सिलिंडर गळला तर जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो, पण जळताना तोही जळून जातो. म्हणून "वास येत नाही म्हणजे सगळं ठीक" हे या बाबतीत अजिबात लागू नाही.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं. म्हणजे दार उघडायचं सुचेपर्यंत दारापर्यंत जायची ताकद उरत नाही. आणि आपल्याकडे बाथरूमच्या दाराला आतून कडी. म्हातारं माणूस बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलं की आपण बीपी, शुगर, घसरणं अशी सगळी कारणं शोधतो. गीझरकडे बघायचं कुणाच्या मनातही येत नाही. आजी दोन-तीन वेळा आंघोळीनंतर "डोकं जड झालंय" म्हणून पडून राहिली होती. ते गीझरमुळेच होतं हे मी सिद्ध करू शकत नाही. पण गीझर मागच्या उघड्या गॅलरीत हलवल्यावर, फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणल्यावर, तिनं तशी तक्रार केलेली नाही. खर्च आला पाइप, दोन कोपर आणि अर्ध्या दिवसाची मजुरी. ज्यांच्याकडे गॅलरी नाही त्यांनी गीझरच्या डोक्यावरचा धुराडा भिंतीतून बाहेर काढावा, दाराखाली जाळी ठेवावी, आणि बादली भरून गीझर बंद करून मगच आत जावं. हा शेवटचा नियम पाळायला एक पैसा लागत नाही.

शहरात अवंतिका गॅसची पाइपलाइन ज्या वस्त्यांत पोचलीय तिथे पाइपच्या गॅसचा पर्याय आहे. त्याची तुलना सोपी आहे. एका सिलिंडरमधली ऊब साधारण अठरा घनमीटर पाइपच्या गॅसइतकी. सिलिंडरच्या भावाला अठरानं भागा, येणारा आकडा पाइपच्या दरापेक्षा मोठा असेल तर पाइप स्वस्त. मात्र ज्वाला ती ज्वालाच, वर सांगितलेलं सगळं तिलाही लागू.

आता सिगडी. इथे खरा वाद झाला.

बाळंतिणीच्या बाजेखाली सिगडी, त्यात ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, चाळीस दिवस शेक. आईचं झालं, मावशीचं झालं, आजीचं स्वतःचं पाच वेळा झालं. आजीनं कोळसा आणवूनही ठेवला होता. मी म्हटलं, "आजी, सिगडी ठेवायची तर खिडकी उघडी ठेवावी लागेल." ती म्हणाली, "अरे, खिडकी उघडी टाकायची तर सिगडी ठेवायची कशाला?"

तिचं म्हणणं तर्काला धरून होतं, आणि अनुभवालाही. ती ज्या घरात नांदली ते सिंहपुरीतलं जुनं घर. दोन फूट जाडीच्या भिंती, वर कवेलू, कौलांच्या प्रत्येक ओळीत फट, लाकडी दारांच्या फळ्यांमधून चौकातला उजेड दिसायचा. त्या घरात कोळसा रात्रभर धुमसला तरी वायू कौलांतून निघून जायचा. कुणी मुद्दाम योजलेलं नव्हतं ते, पण घराचा श्वास चालू होता. आम्ही आता राहतो त्या घराला आरसीसीचा स्लॅब आहे, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना रबराच्या पट्ट्या आहेत, दाराखाली धूळ येऊ नये म्हणून ब्रश लावलाय. सिगडी तीच, कोळसा तोच, बाळंतीणही त्याच घराण्यातली. खोली मात्र डब्यासारखी बंद. आणि निखारे जितके लाल आणि बिनधुराचे, तितकी आपली खात्री पक्की की आता ही सिगडी आत न्यायला हरकत नाही. खरं तर धूर संपल्यावरच लाल कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या सिगडीनं झोपेत माणसं गेल्याच्या बातम्या येतात. आणि हे गरिबाघरीच होतं असंही नाही. २१ जानेवारी २०२० ला नेपाळातल्या दामन इथे केरळहून फिरायला गेलेली आठ माणसं, त्यात चार मुलं, हॉटेलच्या खोलीत गेली. थंडी म्हणून गॅसचा हीटर आत घेतला होता आणि दारं-खिडक्या आतून बंद होत्या.

ही बातमी मी आजीला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण लेकराला ऊब तर पाहिजे." ते तर पाहिजेच. नवजात बाळ स्वतःची ऊब टिकवू शकत नाही, हा तिचा मुद्दा कुठलाही डॉक्टर मान्य करेल. मग प्रश्न उरला तो एवढाच, की ज्वालेशिवाय ऊब कशी द्यायची.

त्यासाठी पुन्हा आकडे. ताईची खोली दहा बाय बारा फुटांची, उंची दहा फूट. त्यातली हवा चाळीस किलोच्या आसपास भरते. हो, हवेला वजन असतं! ही हवा दहा अंशांनी तापवायला ०.११ युनिट लागतं. दोन हजार वॅटच्या हीटरला हे काम चार मिनिटांचं. मग हीटर रात्रभर का चालवावा लागतो? कारण भिंती. नऊ इंची विटांच्या चार भिंतींचं वजन सतरा-अठरा टन होतं आणि त्या एका अंशानं तापवायच्या तर सुमारे चार युनिटं जातात. दहा अंशांचा हिशेब तुम्हीच करा. शिवाय वरचा स्लॅब स्वच्छ आकाशाखाली रात्रभर निवत असतो. थोडक्यात, बाजारातून आणलेला हीटर आपल्याला नव्हे, भिंतींना शेकत असतो.

हीटर घ्यायला फ्रीगंजच्या दुकानात गेलो तेव्हा विक्रेत्यानं ठामपणे सांगितलं की तेलाचा हीटर निम्मी वीज खातो. तसं नसतं. पंख्याचा, दांडीचा, हॅलोजनचा, तेलाचा, सगळे विजेचे हीटर एका युनिटाची एकच युनिट ऊब देतात. फरक ती कशी देतात यात आहे. पंख्याचा पटकन तापवतो, पण आवाज करतो. हॅलोजन समोरच्या माणसाला थेट शेकतो, खोली गार राहिली तरी. तेलाचा सावकाश तापतो, सावकाश निवतो, उजेड करत नाही, थर्मोस्टॅटवर स्वतः थांबतो. झोपायच्या खोलीत तो बरा. "हीटर प्राणवायू खातो" ही समजूत विजेच्या हीटरला लागू नाही, तिथे काहीच जळत नाही. त्वचा कोरडी पडते हे खरं. आणि त्याला जाड पिनेचा, सोळा अँपिअरचा सॉकेट लागतो. एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेला हीटर म्हणजे वितळलेल्या बोर्डाला निमंत्रण.

ताईच्या खोलीत तेलाचा हीटर लावला, पण फक्त पहाटे चार ते सात आणि बाळाला न्हाऊ घालायच्या वेळी. बाकी ऊब इतर मार्गांनी. बालरोगतज्ज्ञांनी टोपी-मोजे आणि पातळ कपड्यांचे थर सांगितले, आणि सांगितलं की बाळाला आईच्या छातीशी उघड्या त्वचेवर धरणं ही सगळ्यांत चांगली शेगडी. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरेनात म्हणून डॉक्टरांनी सुरू केलेली ही पद्धत आज जगभर कांगारू पद्धत म्हणून ओळखली जाते. आजीला ती ऐकून हसू आलं. "यात नवीन काय? पदराखालीच तर वाढवली सगळी." (गरम पाण्याची पिशवी आणि विजेचं पांघरूण मात्र बाळाजवळ नको. भाजतं, आणि अति ऊबही त्याला सोसत नाही.) ओव्याची धुरी आजीच्या समाधानासाठी अंगणात झाली, ताई दहा मिनिटं बाहेर जाऊन बसली.

आणि दुपारचं ऊन. हे साधन उज्जैनकरांना फुकट मिळालंय. जीवाजी वेधशाळेत २२ डिसेंबरच्या सुमारास शंकुयंत्राची सावली वर्षातली सर्वांत लांब पडते, दिवस १० तास ४१ मिनिटांचा असतो. जयसिंहानं बांधलेली आणि १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतलेली ही वेधशाळा शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी पाहिलीय, पण तिचा घराशी संबंध कुणी सांगितला नाही. त्या दिवशी भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून फक्त साडेत्रेचाळीस अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल तर त्याची सावली भिंतीवर दोनच फूट उतरते, खालून ऊन थेट खोलीत येतं. आणि जूनमध्ये हाच सूर्य उज्जैनला जवळजवळ डोक्यावर असतो, कर्कवृत्त इथून हाकेच्या अंतरावर. तेव्हा तीच खिडकी पूर्ण सावलीत. दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात शेकते आणि उन्हाळ्यात त्रास देत नाही, असा सौदा इतर कुठल्या दिशेला नाही. आम्ही ताईची खोली बदलून दक्षिणेची दिली. अकरा ते तीन पडदे उघडे, चारला बंद. सिंहस्थासाठी रस्ते रुंद होतायत, जुनी घरं पाडून नवी बांधली जातायत. ज्यांचं नकाशाचं काम चालू आहे त्यांनी आर्किटेक्टला एवढी एक गोष्ट नक्की विचारावी.

गॅरेजबद्दल थोडक्यात. माझा चुलतभाऊ मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. त्याच्या तळघरात हीटिंग ऑइलची टाकी आहे. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर त्या तेलाचा भाव गॅलनला पाच डॉलरच्या वर गेला होता. तोही गॅरेजमध्ये सुतारकाम करतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "गॅरेज तापवायचं नाही, फटी बुजवायच्या आणि स्वतःला तापवायचं." उणे दहा अंशांत राहणारा माणूस असं म्हणतो तर आठ अंशांत मी काय बोलणार? शटरच्या खाली रबराची पट्टी लावली, आतून जाड पडदा सोडला, फरशीवर सतरंजी, टेबलाखाली चारशे वॅटचा छोटा हीटर पायांकडे तोंड करून. साडेपाच तासांचे सव्वादोन युनिट. झोपताना हीटर नाही, पांघरुणात गरम पाण्याची पिशवी. तिचं दोन लिटर पाणी तापवायला पन्नास पैशांची वीज लागते.

त्याच्याकडून आणखी एक गोष्ट कळली. तो आता तेल सोडून हीट पंप बसवतोय. हे यंत्र ऊब तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढून आणतं, म्हणून एका युनिटात तीन युनिटांची ऊब देतं. आपल्याकडे तेच यंत्र 'हॉट अँड कोल्ड एसी' या नावानं मिळतं. बाहेर कडाक्याची थंडी असली की त्याची ताकद कमी होते, पण माळव्यातल्या आठ अंशांत ते मजेत चालतं. दीड महिन्यासाठी मुद्दाम घेऊ नका. पण मे महिन्यासाठी एसी घेणारच असाल तर थोडे पैसे जास्त घालून हा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. सात रुपयांचं युनिट मग अडीच रुपयांच्या आत पडतं, गॅसपेक्षाही स्वस्त.

छतावर सोलर पॅनेल असेल तर सगळाच हिशेब फिरतो. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि एवढ्या पॅनेलमधून दिवसाला सरासरी बारा युनिटं मिळतात. दुपारी ग्रिडला दिलेली वीज पहाटेच्या गीझरला वजा होते. ज्यांना तेवढा खर्च नको त्यांना सोलर वॉटर हीटर आहे. फक्त मावठ्याच्या दिवसांसाठी जोडीला विजेची कॉइल हवी, आणि जड पाण्यामुळे तांब्याच्या बारीक नळ्यांपेक्षा काचेच्या नळ्यांचा बरा. आमच्या छतावर शेजारच्या तीन मजल्यांची सावली पडते, म्हणून आम्ही दोन्हींतून बाद.

शेवटची खरेदी बाराशे-पंधराशे रुपयांच्या आसपासची होती: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. मॅसॅच्युसेट्समध्ये तो २००६ पासून घराघरांत बंधनकारक आहे, आपल्याकडे ऑनलाइन मागवावा लागतो. गॅसगळतीचा अलार्म वेगळा आणि हा वेगळा, घेताना नीट वाचून घ्या. आतला सेन्सर पाच ते सात वर्षांनी बाद होतो, मागे तारीख लिहिलेली असते. आम्ही तो बाथरूम आणि आजीच्या खोलीमधल्या बोळात, उभ्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर लावलाय. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं. ते काम आजीनं स्वतःकडे घेतलंय. संकष्टीला चंद्रोदय झाला की आधी ती बटण दाबते, तो केकाटतो, बाळ दचकून उठतं, आणि मग आम्ही जेवायला बसतो.